नटबोल्टांचा संसार

आमच्या घरातला पलंग चार मिनिटांत सुटत असे. चार मिनिटं ही बाबांची वेळ. दादाला सहा लागत, आणि आई मुद्दाम आठ लावत असे.

पलंगच काय, घरातली प्रत्येक वस्तू सुटत असे. टेबल, खुर्च्या, कपड्यांचं कपाट, भांड्यांची मांडणी, एवढंच कशाला, माझा पाळणासुद्धा. भोकं पाडलेले लोखंडी अँगल, ते जोडणारे नटबोल्ट आणि वर टाकायच्या फळ्या, एवढ्यावर आमचा संसार उभा होता. खिळा नाही, सरस नाही, सुतार तर नाहीच नाही. सगळे बोल्ट एका मापाचे, त्यामुळे अख्ख्या घराला मिळून एकच पाना. तो कायम बाबांच्या खिशात. बाकीच्यांचे वडील घराबाहेर पडताना खिशातली किल्ली चाचपतात, आमचे पाना चाचपत.

बाबा फौजेत होते. फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसायला लागते. बाबांनी ती चालवली असेलही, पण त्या बाबतीत ते कोणाला ताकास तूर लागू देत नसत. त्यांची तुकडी पूल बांधणारी. नदीवरचा पूल पुरात गेला किंवा कोणी उडवला, की ह्यांनी तिथे जायचं, लोखंडी भाग जोडून दिवसाभरात नवा पूल उभा करायचा, गाड्या पलीकडे गेल्या की तो सगळा सोडून पुन्हा ट्रकमध्ये भरायचा, की पुढची नदी. बत्तीस वर्षं हेच. एकशे चौदा पूल त्यांनी उभे केले आणि एकशे तेरा काढले.

त्या निमित्ताने माणूस जग फिरला. बर्फाचा देश झाला, वाळूचा झाला, शांतिसेनेबरोबर दोन बेटांवर राहून झालं. पण सगळं जग त्यांनी पाहिलं ते नदीच्या काठावर उभं राहून. कोणी कौतुकाने विचारावं, "काय हो, तो देश कसा आहे?" तर बाबा विचार करून सांगत, "काठ भुसभुशीत. माणसं बरी." "आणि तो दुसरा?" "पाण्याला ओढ फार. माणसं बरी." विचारणारा हिरमुसून जाई. बाबांना मात्र वाटे की सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगून झालं. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असं त्यांचं पक्कं मत होतं.

आपल्याला अकरा भाषा येतात असं ते छातीठोकपणे सांगत. ते खोटं नव्हतं. फक्त प्रत्येक भाषेत त्यांना एकच वाक्य येत होतं: "इथे पाणी किती खोल आहे?" एकदा दादाने त्याच्या ऑफिसातला एक परदेशी पाहुणा जेवायला आणला. तो नेमका बाबांच्या अकरांपैकी एका भाषेचा निघाला. झालं. बाबांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि अदबीने विचारलं, "इथे पाणी किती खोल आहे?" पाहुण्याने आधी ग्लासात वाकून पाहिलं, मग दादाकडे. पुढचे दोन तास दोघं हातवाऱ्यांवर बोलत होते, आणि जाताना पाहुण्याने दादाला सोडून बाबांना मिठी मारली. त्याच्या गावच्या नदीचा काठही भुसभुशीत होता म्हणे.

आता बिऱ्हाडाचं सांगते. दर दोन-सव्वादोन वर्षांनी बदलीचा कागद येई. कागद आला की चर्चा नाही. कुठे जायचं, का जायचं, मुलांच्या शाळेचं काय, असले प्रश्न आमच्या घरात कधी निघालेच नाहीत. पूल काढताना नदीला कोणी विचारतं का? बाबा फक्त म्हणत, "शनिवारी सकाळी सात." शनिवारी सातला चौघंही आपापल्या जागी. बाबा बोल्ट सोडत, दादा फळ्यांवर खडूने नंबर टाकून त्या रचून ठेवत असे, आई भांडी बांधत असे, आणि मी नट गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकत असे. म्हणून माझं नाव पडलं नटी. शाळेत लोकांना वाटायचं मी नाटकात काम करते. आमचा विक्रम होता तीन तास चाळीस मिनिटांचा, तोही दादाला गोवर आलेला असताना. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात; विंचवानेही आमच्याकडे येऊन शिकून जावं.

नव्या घरात पोचलो की बाबा खडू घेऊन जमिनीवर नकाशा काढत. दारातून आत आलं की डावीकडे पलंग, समोर टेबल, उजवीकडे कपाट. घर बदललं तरी नकाशा तोच. अंधारातसुद्धा कोणी धडपडू नये, असा हेतू. एका घरात कपाटाच्या जागी नेमकी खिडकी आली. कपाट खिडकीसमोर उभं राहिलं आणि आम्ही दोन वर्षं भरदुपारी दिवा लावून केस विंचरले. आईने एकदाच हळूच सुचवलं होतं की कपाट जरा सरकवलं तर. बाबा म्हणाले, "नकाशात तिथेच आहे." आणि विषय संपला.

आईची आयुष्यभर एकच मागणी होती. दागिने नकोत, कपडे नकोत, एक असं घर हवं की जिथून उठावं लागणार नाही. लग्न ठरतानाच तिने हे सांगितलं होतं, आणि बाबांनी शब्दही दिला होता. "पुढच्या बदलीनंतर बघू." अशा अकरा बदल्या झाल्या. दर वेळी आई भांडी बांधायची, दर वेळी म्हणायची, "हे शेवटचं हं." दर वेळी बाबा मान डोलवायचे.

ह्याचा अर्थ त्यांना घराची ओढ नव्हती असा कोणी काढू नये. तसं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. बाबा कुठेही असोत, आमच्या चपलांची मापं त्यांना पाठ असत. वाळूच्या देशातून त्यांनी दादाला बूट पाठवले, ते बरोबर बसले, आणि दीड वर्षात त्यांनी त्याचा पाय पाहिलासुद्धा नव्हता. माझी मुलगी झाली त्या दिवशी ते दवाखान्यात खांद्यावर पोतं घेऊन हजर. पोत्यात माझा जुना पाळणा. नर्स "अहो आजोबा, इथे चालणार नाही" म्हणेपर्यंत पाळणा उभा राहून मुलगी त्यात झोपलीही होती. नर्सने पाळणा हलवून पाहिला, तो जरासुद्धा कुरकुरला नाही, आणि मग ती बाबांना म्हणाली की आमच्या खाटांचंही जरा बघता का. त्यांनी अकरा खाटा आवळून दिल्या.

बाबा निवृत्त झाले तेव्हा आईला वाटलं, सुटलो एकदाचे. घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जरासं अंगण, शेजारी एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला दवाखाना. आईने सुताराला बोलावलं. भिंतीत कपाट हवं, ओटा हवा, आणि तो असा हवा की भूकंप आला तरी हलता कामा नये, असं ती त्याला सांगत होती. तेवढ्यात बाबा खडू घेऊन आत आले आणि जमिनीवर वाकून रेघा मारायला लागले.

"अहो, आता कुठे जायचंय आपल्याला?" आईने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग हे नटबोल्ट कशाला?"

बाबा उठून उभे राहिले. "अगं, कायमचं केलं की त्याच्याकडे कोणी बघत नाही. सुटणारं असलं की माणूस दर रविवारी हात लावून बघतो."

सुतार शहाणा होता, चहा पिऊन निघून गेला.

ह्या मतामागे तो न काढलेला एकशे चौदावा पूल होता. एका खेड्यातल्या लोकांनी हात जोडून सांगितलं, पूल राहू द्या, आमची पोरं नावेतून शाळेत जातात. वरून परवानगी मिळाली आणि पूल राहिला. दुसऱ्या कोणाला ह्याचा अभिमान वाटला असता. बाबांची झोप उडाली. ते तिथल्या सरपंचाला दर सहा महिन्यांनी पत्र टाकत: "बोल्ट आवळता ना?" दोन वर्षांनी उत्तर आलं: "पूल छान आहे. आम्ही त्याला हिरवा रंग दिला." पत्र वाचून बाबा खाली बसले. "बोल्टांवर रंग दिला," ते म्हणाले, "आता पाना कसा बसणार?" त्या वर्षी त्यांनी आईला पहिल्यांदाच सहलीला नेलं. दोन दिवसांचा प्रवास करून आई त्या खेड्यात पोचली, आणि तिची सहल पुलाखाली दगडावर बसून, बाबांना एकेक बोल्ट खरवडताना बघण्यात गेली. ती गोष्ट ती पुढे हसून सांगायची. हसून, पण सांगायची.

दर रविवारी सकाळी घराची फेरी निघे. बाबा पाना घेऊन पलंगापासून सुरुवात करत आणि मांडणीपाशी संपवत. आम्ही पाय वर घेऊन बसायचो. सत्तावीस वर्षं त्या घरात राहून आई पाहुण्यासारखी वावरली, असं मला वाटायचं. मला बाबांचा राग यायचा, तो मी इथे झाकून ठेवत नाही. एकदा मी त्यांना तोंडावर म्हटलं, "बाबा, तुम्ही आईला वेटिंग रूममध्ये ठेवलंय." त्यांनी पाना काढला आणि मी बसले होते ती खुर्ची माझ्यासकट आवळली. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

गेल्या वर्षी बाबा गेले. एकोणऐंशी वर्षांचे होते. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, पुराची बातमी वाचली आणि "पूल लागणार" एवढं म्हणून मान टाकली. कोणाला एक दिवस झोपून त्रास दिला नाही.

तीन महिन्यांनी दादा आणि मी फोनवर ठरवलं. आई एकटी कशी राहणार? पडली, झडली, तर कोण बघणार? माझ्याकडे एक खोली रिकामी होती. मी त्या खोलीला रंग दिला, पडदे शिवून घेतले. मनात म्हटलं, बाबांनी जे दिलं नाही ते आता मी देते, आईला हक्काची जागा. दादाने ट्रक ठरवला. आईला फोन करून सांगितलं, "शनिवारी येतोय गं, सामान आवरायला." ती म्हणाली, "या."

शनिवारी सकाळी सातला आम्ही दारात. जुनी सवय. मी पत्र्याचा डबा आणला होता, दादाने खडू आणि बाबांच्याच मापाचे दोन नवे पाने. आईने चहा दिला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "करा सुरुवात."

दादाने पलंगाच्या पायाला पाना लावला. बोल्ट हलेना. "गंजलाय," तो म्हणाला आणि तेल मागितलं. आईने उठून तेल दिलं. तरी हलेना. मग त्याने पान्याच्या दांड्यात पाइप अडकवून जोर लावला, पाना सटकला आणि त्याची बोटं सोलवटली. आईने उठून हळद दिली. तोवर मी टेबलाखाली शिरले होते. तिथेही तेच. मी मोबाइलचा दिवा लावून नीट पाहिलं. नटाच्या कडा दिसतच नव्हत्या. लोखंड वितळून बोल्ट, नट आणि अँगल ह्यांचा एकच गोळा झाला होता.

"दादा," मी टेबलाखालून म्हटलं, "हे वेल्डिंग आहे."

आम्ही कपाट पाहिलं, मांडणी पाहिली, खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. घरात एकही बोल्ट सुटणारा उरला नव्हता. पलंग, टेबल आणि कपाट तर भिंतीतल्या लोखंडी पट्ट्यांनाही जोडलेले, जागचे हलणंच शक्य नाही. आम्ही दोघं घामाघूम होऊन जमिनीवर बसलो. आई चहा संपवत होती.

"तुला माहीत होतं?" दादाने विचारलं.

"माहीत काय, वेल्डर आला तेव्हा टेबलाची ती बाजू मीच धरली होती."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? थेट ट्रकच घेऊन आलात."

मग आईनेच सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बाबांनी नेहमीसारखी फेरी केली, आणि दुपारी ते आडवे झाले तर पलंग कुरकुरला. ते उठले, पुन्हा आवळला. पुन्हा कुरकुरला. तेव्हा आईने पाहिलं की त्यांची मूठच पुरती मिटत नाहीये. बाबा पाना मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

"म्हणाले, माझ्याच्याने आता आवळलं जात नाही," आई सांगत होती. "मी म्हटलं, नटीला सांगू, दादाला सांगू. तर म्हणाले, ते काय रोज येणार आहेत का? माझ्यानंतर कोण आवळणार? तू खाली पडलीस म्हणजे? आता हे कायमचं करायला पाहिजे. आणि मग मला विचारलं, सांग, पलंग कुठे हवा?"

तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती.

"मला वाटलं, ह्यांना ताप आलाय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. मला काही सुचेचना. कोपऱ्यावरचा वेल्डर यंत्र घेऊन आला, तर मी म्हणाले, थांबा, ठरवते. तीन दिवस ठरवत होते मी. पलंग खिडकीशी नेऊन बघितला, पुन्हा मागे घेतला, पुन्हा नेला. कपाट इकडे, टेबल तिकडे. वेल्डर रोज येऊन अंगणात बसायचा. वैतागला की हे त्याला म्हणायचे, घाई नाही, बाई ठरवतायत. आणि चहा द्यायचे."

"मग?"

"मग काय. टेबलाला पहिला टाका बसणार, तेवढ्यात मला वाटलं, चार बोटं डावीकडे हवं. मी घाबरतच सांगितलं. ह्यांनी वेल्डरला हात केला, थांब म्हणाले, आणि स्वतः टेबल चार बोटं सरकवलं."

मी खोलीकडे पाहिलं. पलंग खिडकीपाशी आहे हे मी गेली दोन वर्षं बघत होते. मला वाटलं होतं, म्हातारपणी बाबांना ऊन हवं असेल. टेबल दारासमोर नव्हतं, कपाट उजवीकडे नव्हतं. बाबांच्या नकाशातलं काहीच जागेवर उरलं नव्हतं. भिंतीवर धुराचा काळा डाग होता; बाबा त्यावर चुना मारायला निघाले होते आणि आईने त्यांना मारू दिला नव्हता. मला रडू आलं. बाबा गेल्यापासून मी लोकांसमोर रीतसर रडले होते, पण हे रडणं वेगळं होतं. ज्या माणसावर मी इतकी वर्षं मनात डूख धरून होते, त्याने दिलेला शब्द पाळला होता, आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता.

दादा नाक पुसून म्हणाला, "तसं ग्राइंडर आणला तर कापता येईल." आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने सोललेली बोटं तोंडात घातली.

तेवढ्यात ट्रकवाला दारात आला. अर्धा तास उन्हात उभा होता बिचारा. "ताई, काय काय भरायचंय?"

माझ्या डोळ्यांसमोर ती रंगवलेली खोली आली, पडदे आले. तिथे पलंग कुठे ठेवायचा हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. मी ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं आणि आईसमोर जाऊन बसले.

"आई," मी म्हटलं, "तुला कुठे राहायचंय?"

"इथे," आई म्हणाली. ह्या खेपेला तिला तीन दिवस लागले नाहीत.